रसातल्या गोळ्या

४ फेब्रुवारी
बोटांत कुसळं! डोळ्यांना दिसत नाहीत, पण सुई धरली की टोचतात. काजं करायची तशीच राहिली. शिवणाच्या दुकानातला मालक म्हणाला, "हात आहेत की ओंडके?" काय सांगू? कारखान्यामागे जाऊन नवऱ्यासाठी निवडुंगाची बोंडं तोडते म्हणून?
सगळी वन्संची कृपा. "निवडुंगाने शुगर मुळापासून जाते रे! गोळ्यांनी किडन्या सडतात." झालं. बहिणीचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात! मी गुपचूप उचलून ठेवली.

६ फेब्रुवारी
निवडुंगाशी माझं वैर नाही. आई त्याचं पान भाजून, चिरून सुजलेल्या गुडघ्याला बांधायची. डांग्या खोकला झाला की बोंडांचा रस मधातून चाटवायची. पण म्हणून तिने डॉक्टरचं औषध कधी फेकलं नाही.
बोलले तसं. उत्तर— "तुला ताईचं काही पटतच नाही."

११ फेब्रुवारी
ह्यांच्या पायाची जखम भरत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर भरलं ताट सरकवलं.

१२ फेब्रुवारी
गोळ्या कुटल्या. रसात घातल्या. डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या तेवढ्याच. लालभडक रसात काही दिसत नाही.
"आज कडू का लागतोय?"
"साल राहिली असेल."
प्यायले एकदाचे!

२० मार्च
रिपोर्ट आला. शुगर आटोक्यात, जखमही सुकली. ह्यांनी पहिला फोन कुणाला केला? ताईला! "तुझ्यामुळे वाचलो गं." मी तिथेच— चिमट्यात बोंड धरून गॅसवर काटे जाळत. मला एक शब्द नाही. राबायचं एकीने, मिरवायचं दुसरीने!
वन्संनाही शुगर आहेच. स्पीकरवरून म्हणाल्या, "आता मीही रस सुरू करते." मनात म्हटलं, करा की. रुतू देत कुसळं तुमच्याही बोटांत!

२ एप्रिल
वन्सं दवाखान्यात. बेशुद्ध. भावाचा रिपोर्ट ऐकला त्याच दिवशी त्यांनी इन्शुलिन बंद केलं होतं— भाचीने रडत सांगितलं.
तिथेच, व्हरांड्यात, ह्यांना गोळ्यांचं सांगून टाकलं. सगळं.
ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ती फोनवर होती, तेव्हा का नाही बोललीस?"