अर्धाच पाहिलेला सिनेमा

सिहोरा,
११ जुलै १९८३

प्रिय कुंताताई,

दोन्ही पत्रांत तू एकच विचारलंस, "वच्छे, त्या सिनेमाची गोष्ट काहून लिहून नाही राहिली?" लग्न होऊन वरठीला गेल्यापासून तुला सिनेमाला जाऊ देत नाहीत, म्हणून मी पाहायचा आणि तुला लिहून पाठवायचा, हे आपलं ठरलेलंच. पण या सिनेमानं माझं डोकं उठलं आहे.

घे, वाच. एका इंजिनिअरची बायको नवऱ्याच्या मित्राला चोरून भेटते. कुणीतरी दोघांचे फोटो काढतो आणि धमकीच्या चिठ्ठ्या पाठवतो. बाई दागिने देते, खोटं बोलते, पुन्हा देते. मग त्या मित्राचाच खून होतो. अगं, पहिल्याच चिठ्ठीला नवऱ्यासमोर बसून सांगून टाकलं असतं तर? शेजारी माझी मैत्रीण उषा रडत होती आणि मी चिडत होते. खून कोणी केला ते विचारू नकोस. इंटरव्हलनंतर मी पडद्याकडे पाहिलंच नाही.

इंटरव्हलला दिवे लागले. आम्ही खाली बायकांच्या बाजूला होतो. मागे वळले तर बाल्कनीत आपले भाऊजी. त्या रविवारी त्यांना डबल ड्युटी होती, असं तूच लिहिलं होतंस ना? शेजारी हिरव्या पातळातली एक बाई होती. तिचा हात त्यांच्या हातात होता. मला पाहताच त्यांनी रुमालाने तोंड झाकलं. जसं काही तू फूल भरलेला रुमाल मी ओळखणार नाही!

चौथ्या दिवशी ते पेढे घेऊन आपल्या घरी हजर. बाबांना म्हणाले, "मामाजी, वच्छीले बी.एड. करू द्या. एवढी हुशार पोरगी घरी कायले बसवता?" दोन महिने मी रडले, उपाशी राहिले, तेव्हा जे झालं नाही ते एका चहात झालं. जावयाचा शब्द आपल्या घरात कोण मोडतो! निघताना विहिरीपाशी मला म्हणाले, "टॉकीजच्या अंधारात मानूस वळखू येत नाही, नाही का? तू आता अभ्यासाकडं ध्यान दे." आणि ताई, मी मान हलवली. घरातली पहिली ग्रॅज्युएट, सत्यावर भाषण करून कप आणलेली मी, मान हलवली!

तेव्हापासून मी भाऊजींवर चिडते, बाबांवर चिडते, जेवताना आईवरसुद्धा. काल बाबांनी फॉर्मवर सही केली, तेव्हा कळलं की राग माझाच मला आला आहे. मी काही मागितलं नव्हतं. पण मिळालं ते घेतलं आणि तीन आठवडे तुला फसवलं.

पोस्टाने टाकलं तर हे भाऊजींच्या हाती पडेल, म्हणून वरठीला येणाऱ्या धुरपतामावशीजवळ देते आहे. ते ड्युटीवर गेल्यावरच ती तुला देईल आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबेल. तिच्यासोबत घरी ये. माझं तोंड पाहायचं नसेल तर तसं सांग. फॉर्म मी पाठवलेला नाही. आधी बाबांना सगळं सांगायचं, मग त्यांना वाटलं तर सही राहू देत. पण तू हो म्हटल्याशिवाय त्यांच्याजवळ एक शब्द काढणार नाही. फॉर्मची शेवटची तारीख उद्या आहे. तिचा विचार तू करू नकोस.

तुझीच,
वच्छी