रास अल खैम्याचा जानेवारी

अल नहदा, शारजाह
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

प्रिय हव्वाबी,

सलाम आणि खूप दुवा. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढत जाऊ नकोस. भावजींचा खोकला थांबला का? सुनेला, फिरदोसला, सातवा लागला ना, जेवण जातं का तिला? इकडे अक्रम आणि सूनबाई बरी आहेत. नात फिझा परीक्षेच्या गडबडीत.

पत्र खालच्या मजल्यावरच्या मुश्ताककडे देतोय, उद्या तो गावी निघालाय. फोटो काढून पाठवला असता, पण तो फिरदोसच्या मोबाइलवर गेला असता. तुला अक्षरं मी शिकवलीत, तूच वाच. मोठ्याने नको.

तुझा उझैर राहतो ते रास अल खैमा तू पाहिलेलं नाहीस, म्हणून कागदाच्या मागे पेन्सिलीने नकाशा काढलाय. आमच्यापासून तासाभराचा रस्ता, अमिरातीचं उत्तरेचं टोक. दुबईवाले त्याला खेडं समजतात. फिझा तर म्हणते, "दादा, देअर इज नथिंग देअर." पण इथल्या कितीतरी इमारतींत तिथल्याच डोंगराचा दगड आहे. पश्चिमेला समुद्र, पाठीला उघडे डोंगर, मधून खाडी शहराचे दोन भाग करते. शहराच्या वर मोठं बंदर. तिथून दगड भरून जहाजं आखातभर जातात. आणखी वर ओमानची हद्द. तिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतात, मधे अरुंद खाड्या राहतात. तिथे मी फुली केलीय.

फुली कशाची ते सांगतो. उझैरची बोट बाहेर नांगरलेल्या जहाजांना पाणी, भाजी पोचवते. मंगळवारी गेली. बुधवारी सकाळी वायरलेसवर कळवलं की वारा फार आहे, आडोशाला त्या खाडीत शिरतोय. त्यानंतर काही नाही.

काल अक्रमने मला बंदरावर नेलं. ऑफिसातला माणूस म्हणाला, "चाचा, डोंगराआडून सिग्नल येत नाही. वारा पडला की येतील, इन्शाल्ला." शोधायला कोण कधी जाणार विचारलं, तर त्याने खिडकीबाहेर बघा म्हटलं. लाटा धक्क्यावर चढत होत्या.

फिरदोसला मी एवढंच सांगितलंय की तिकडे फोन लागत नाही. ते खोटं नाही.

तू म्हणत होतीस, बाळ झाल्यावर उझैरला पाठवते. मीच हट्ट धरला, की जानेवारीत समुद्र तळ्यासारखा असतो, पोराचा हात बसेल. तो आपल्याकडचा समुद्र. पस्तीस वर्षं तांडेल होतो, नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत होडी कधी अडली नाही. इथे सगळं उलटं. थंडीतच उत्तरेचा वारा सुटतो, शमाल म्हणतात, तीन-तीन दिवस पडत नाही. मला इथे येऊन नऊच महिने झाले. बाविसाव्या मजल्यावर बसून मला काय कळणार?

आणखी एक आहे. मंगळवारी निघण्याआधी त्याचा फोन आला. बाकीच्या बोटी थांबल्यात म्हणाला. "मामू, बोटीचा सारंग विचारतोय कोण येतं. जाऊ का?" मी हसलो. म्हटलं, "थंडीत कसला रे वारा? जा."

हे अक्रमलाही सांगितलेलं नाही.

उद्या फजरच्या नमाजनंतर पुन्हा बंदरावर जातोय. बोट दिसली की पहिला फोन तुलाच. पण फोनवर तू मला रागावणार नाहीस, थोरला म्हणून गप्प बसशील. म्हणून लिही. मनात येईल ते लिही. मुश्ताक आठवड्याने परततोय, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस.

तुझ्या उत्तराला घाबरणारा आणि त्याचीच वाट पाहणारा,
तुझा भाऊ
हमदुल्ला