औषधाच्या पंपाला दार नसतं

बाबा,

त्या सकाळी नाहूरच्या घरात पूजा आटोपून मी लॅपटॉप उघडला आणि एका मेलेल्या प्रोग्रामला तो कसा मेला ते विचारलं. माझं काम तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. यंत्रातला प्रोग्राम अचानक बंद पडला की त्याच्या शेवटच्या क्षणाची स्मृती एका फाइलमध्ये उरते. ती वाचून कारण सांगणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात. ही फाइल रुग्णाच्या नसेत औषध सोडणाऱ्या पंपाची होती, आणि इतकी बिघडलेली की ती वाचता वाचता आमचा डीबगरच कोसळायचा. गटातल्या एका मुलीने तो दुरुस्त केला होता. तिचं काम तपासून मंजुरी मी द्यायची होती.

तिच्या संगणकावर डीबगरने न कोसळता कारण सांगितलं होतं, बॅटरी. पंपवाले माझ्या मंजुरीसाठी थांबले होते. ती मिळाली की बॅटऱ्या बदलून पंप पुन्हा रुग्णांच्या उशाशी जाणार होते. तोच डीबगर मी माझ्याकडे चालवून पाहिला. पडद्यावर ओळी शांतपणे उमटत गेल्या. शेवटची होती, ‘ओपन डोअर’. औषधाच्या पंपाला दार नसतं. देवघरात उदबत्ती जळत होती आणि मला मागे वळून बघवेना.

बऱ्याच वेळाने उलगडलं. त्याआधी मी एका लिफ्टची फाइल पाहिली होती. बिघडलेल्या जागी वाचायला काही मिळालं नाही की डीबगर आधीच्या मेलेल्याचं उरलंसुरलं या नव्याच्या तोंडी घालत होता. मुलीने आधी बॅटरीमुळे बंद पडलेला दुसरा पंप पाहिला होता, म्हणून तिला बॅटरी दिसली. मी फोन करून हे सांगितलं. तिला पटेना. “सर, क्रॅश थांबला ना? तुम्ही पण ना, देवाने उत्तर दिलं तरी दोनदा विचाराल.”

फोन ठेवला. तुम्ही गेल्यापासून, अडलं की मी मनात तुम्हाला विचारतो आणि तुमच्या आवाजात उत्तर येतं. तेव्हाही आलं. “पोरीक कित्याक अडवतंस? सोड.” हुबेहूब तुम्ही.

मग गावचं देऊळ आठवलं. तुम्ही गुरव, पाषाणाला ओल्या कळ्या लावून कौल घ्यायला बसला आहात. समोर ती बाई, जिचा नवरा होडीतून परतला नाही. उजवी कळी पडली तर तो जिवंत. काही हलत नाही. मग खाडीकडून झुळूक येते, उजवी पडते, बाई रडता रडता हसते. तुम्ही कळी उचलता. “ह्यो कौल देवाचो नाय, वाऱ्याचो आसा.” देव आज बोलत नाही असं सांगून तिला घरी पाठवता. मला तुमचा फार राग आला होता.

कळी उचलणारा तो माणूस ‘सोड’ म्हणणारा नव्हता.

दुरुस्ती मी परत पाठवली. वाचता येईल तिथवरच डीबगरने सांगावं आणि पुढचं कळत नाही असं स्पष्ट लिहावं, एवढंच कळवलं. पंप अजून बंद आहेत. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलते. तुम्हाला विचारणं मी त्या दिवसापासून सोडलं. आवाज मात्र अजून येतो, न विचारताच, नावाने हाक मारतो. मी ओ देत नाही.