दोन घरचे बैल

कळस,
सोमवार, १४ जुलै २०२५

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. वाकून करायचा तो तुम्ही आल्यावर करीन, गुडघे साथ देतील तेवढा.

पत्र पाहून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मग तुमची सून स्पीकर लावते आणि मी काय बोलले ते कन्हेरीच्या चहाच्या टपरीपर्यंत जातं. म्हणून लिहिते. चष्मा लावून स्वतः वाचा. नातीला वाचायला देऊ नका.

इकडची खबर अशी की डाळिंबाची बाग अखेर काढली. तेल्या रोग आटोक्यात येईल म्हणून फवारण्या करून दमले. जेसीबी सकाळी आला आणि दुपारपर्यंत रान मोकळं झालं. ह्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली झाडं, म्हणून मी उभी राहिले. नाहीतर बघण्यासारखं काही नव्हतं. काट्याकुट्याचा ढीग अजून बांधाला पडलाय. पेटवायचा कंटाळा येतो. हल्ली सगळ्याचाच येतो.

पेरू त्या मानानं बरा आहे. पण फळांना फोम आणि पिशव्या घालायला बायका मिळत नाहीत. सकाळीच बारामतीच्या कंपन्यांच्या गाड्या येतात आणि गावच्या पोरी-सुना त्यात बसून जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही. तिथे डोक्यावर छप्पर आहे. गावात उरलो ते आम्ही म्हातारे आणि कुत्री. आमची उत्कर्षा पुण्यात ठीक आहे. रविवारी फोन करते आणि शेत विकून टाक म्हणते.

आपल्या पाखऱ्याचा जोडीदार बैल दिवाळीनंतर गेला ते तुम्हाला कळवलं होतं. पेरूच्या ओळींत ट्रॅक्टर शिरत नाही आणि एका बैलावर औत चालत नाही. या वयात नवा बैल वळणावर आणणं माझ्यानं होणार नाही. म्हणून सावड केली. शेळगावच्या रस्त्याला विजयसिंहांचा मळा आहे. ह्यांच्याबरोबर तालमीत जायचे, तेच. त्यांच्याकडेही एकच बैल राहिलाय, चांद्या. दोन घरचे दोन बैल एका जूला जुंपायचे, एक दिवस त्यांच्या रानात, एक दिवस आपल्या. पूर्वीपासून लोक असं करत आलेत. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

बेंदूर नीट झाला.

पंचमी जवळ आली. तुम्ही कधी निघणार ते कळवा. थांबते, विहिरीवरची मोटार बघायला जायचंय.

बुधवार

सोमवारचा कागद पाकिटात घातला होता, तो परत काढला. त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण ज्यासाठी लिहायला बसले ते त्यात नाही. कळसची बातमी तुम्हाला नेहमीच माझ्याआधी पोचते. ही पोचली असली तर माझ्याकडूनही ऐका. पोचली नसली तर आधी माझ्याकडूनच ऐका.

बेंदराचं सांगते. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. त्या दिवशी औत आपल्या रानात होतं, म्हणून दोन्ही बैल आपल्याच गोठ्यात होते. मी हळद-लोणी कालवलं. पाखऱ्याचा खांदा मी चोळला, चांद्याचा त्यांनी. शेजारची दगडाबाई ताक न्यायला आली होती. ती दारातूनच ओरडली, "अगं बया, हळद दोघांच्या बी हाताला लागली की!" मी तिला ताक दिलं आणि वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी बैल आपापल्या दारी जायला हवे होते. बेंदराला बैलाला त्याच्या घरची बाई ओवाळते. पण चांद्या पाखऱ्याला सोडून हलेना. विजयसिंहांनी ओढला, पुचकारला. चाबूक उचलायचा दिवस नव्हे. शेवटी दोघेही बाशिंगं बांधून आपल्याच दारात उभे राहिले. विजयसिंहांच्या घरात बाईमाणूस नाही, त्यांची मंडळी गेल्यापासून चांद्या न ओवाळताच मिरवणुकीला जातो. मग मी ताट आणलं. दोघांच्या खुरांवर पाणी घातलं, दोघांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली. ह्यांच्या मागे आपल्या बैलांना दगडाबाईच ओवाळायची, आणि का ओवाळायची ते मला आठवलं ते ताट खाली ठेवल्यावर. तोवर निम्म्या आळीनं बघितलं होतं की मी विधवा असून ओवाळलं, आणि दुसऱ्याच्या घरचा बैल ओवाळला.

मिरवणूक वेशीत आली तेव्हा दगडाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "विजूआबा, बाशिंग बैलाला बांधलंय का धन्याला?"

सगळी वेस हसली. त्यांनीही काहीतरी उलट बोलावं, तर माणूस मान खाली घालून चांद्याची वेसण धरून चालत राहिला. साठी उलटलेल्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. तिथे मला कळायचं ते कळलं. माझं मला कळायला अजून थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी औत सोडून ते बांधावर आले. इतकी वर्षं मला वहिनी म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी काहीच म्हणेना.

"लोक बोलत्यात," म्हणाले.

"लोकांना दुसरा उद्योग नाही."

"मला त्याचं काय न्हाय. तुमाला तरास व्हत असंल तर सावड मोडू. न्हायतर..."

"न्हायतर काय?"

"न्हायतर लोक म्हणत्यात तसं करून टाकू."

मी म्हटलं, "ही काय विचारायची रीत झाली? जसं काही ओळीच्या टोकाला औत वळवताय."

तर म्हणाले, "मला तेवढंच येतंय."

वन्सं, मला भूल पडलेली नाही. हसू नका. मी दमले आहे. ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी दमले म्हटलं का तुम्हाला? ज्या दिवशी औत त्यांच्या रानात असतं त्या दिवशी आपलं रान मला फार मोठं वाटतं. बाग काढली त्या दिवशी मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते आपणहून आले आणि बांधावर उभे राहिले. झाडं पडत होती तोवर हलले नाहीत. जेसीबी गेल्यावर विचारलं, "जेवला का?" मी जेवले नव्हते. माझ्या जेवणाची चौकशी कोणी करावी याची सवयच राहिलेली नाही. मी त्यांच्यावरच खेकसले. ते तरीही थांबले, आणि मी दोन भाकरी टाकल्या.

बास. याहून जास्त माझ्यानं लिहिवणार नाही.

त्यांचा मुलगा रविराज बारामतीत असतो. तो येऊन भेटून गेला. म्हणाला, "काकी, आबांच्या जेवणाची काळजी मिटली." मी सांगितलं, स्वयंपाकीण हवी असेल तर दुसरीकडे बघा. पोरगा शरमला. चांगला आहे तसा. उत्कर्षाला फोन केला. मला वाटलं ती रडेल. तर म्हणाली, "आई, बाकीच्यांचं सोड. आत्या काय म्हणेल?"

पोरगी वकील व्हायची होती. नेमकं तेच विचारलं.

तुमचं माहेर म्हणजे हे घर, आणि भावाच्या मागे या घराचं दार उघडणारी मी. मीच दुसऱ्याची झाले तर पंचमीला तुम्ही कोणाच्या दारात यायचं? हे तुमच्या मनात येण्याआधी माझ्या मनात आलंय, आणि रात्रंदिवस तेच आहे. म्हणून मी विजयसिंहांना अजून हो म्हटलेलं नाही. पंचमीनंतर सांगते म्हटलं. हेही सांगितलं की मी हे घर सोडणार नाही, सणाला वन्सं येतात.

म्हणाले, "मी काय कुलूप लावाया सांगतोय व्हय? तुमी तुमच्या घरात ऱ्हावा, मी माझ्या मळ्यात, मधी रस्ता हाय. पंचमीला मी तिकडं फिरकत न्हाय. झोका तेवढा आदल्या दिवशी बांधून जातो. वन्संचं वजन किती हाय ते सांगा, दोर तसा बघाय पाहिजे."

मी सांगितलं नाही. तुमची अब्रू राखली.

आपल्यात असं करत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. नाही करत. मला ठाऊक आहे. ह्यांचं नाव निघेल, शिकलेली बाई अशी वागते म्हणून माझ्या शिक्षणाचा उद्धार होईल, तुमच्या सासरी चार बायका तुम्हाला विचारतील. त्याचा त्रास तुम्हाला होणार, मला नाही, आणि तेच मला सलतं. पण वन्सं, मी परवानगी मागत नाही. या वयात परवानगी मागायला मला लाज वाटेल. तुम्ही नाही म्हणालात तर लग्न मोडेल असंही नाही. फक्त मग मी ते चोरासारखं करीन, आणि मला चोरासारखं काही करता येत नाही.

मागायचं आहे ते वेगळंच. कचेरीत लग्न नोंदवायचं तर दोन्हीकडचे साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून रविराज आहे, त्यांचा चुलतभाऊ आहे. माझ्या बाजूनं कोण? आई गेल्यापासून माझे भाऊ माझ्या दारात आले नाहीत, या कामाला तर येणारच नाहीत. उत्कर्षा येईल, पण आईच्या लग्नाला लेक पुरत नाही. मोठं माणूस लागतं.

तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही ह्यांची बहीण. रडायचं तर इथे येऊन रडा, ह्यांच्या फोटोसमोर. मी शेजारी बसते. मलाही एकदा रडायचंच आहे, एकटीनं होत नाही. मग पदर सावरा आणि माझ्याबरोबर चला. इतकी वर्षं तुमचं माहेर मी राखलं. आता एक दिवस माझं माहेर तुम्ही व्हा.

उत्तर लिहू नका. यायचं असेल तर या.

तुमच्या भावाची, आणि अजूनही तुमची,
राजलक्ष्मी