चित्रातला धाकटा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याला बोटीवरचा एक बोकड जबाबदार. अर्धं पत्र त्याने खाल्लं, आणि उरलेल्याकडे असं पाहिलं की पुढे लिहायची हिंमत होईना. असो. आबांची तार मिळाली, चित्रकार आलाय, ताबडतोब नीघ. आपल्याकडे वारसाने बापाच्या खुर्चीवर हात ठेवून चित्र काढून घेतलं की मगच इस्टेटीचा शिक्का हाती येतो, हे मला पाठ आहे. पण इथे डोंगरापलीकडे एक सरोवर आहे म्हणतात. ते न पाहता परतलो तर जन्मभर चुटपुट लागेल.

म्हणून माझ्या जागी पंडिताला, माझ्या त्या बालमित्राला, उभं कर. माझे कपडे त्याला बेतल्यासारखे बसतात, शाळेत माझा मारही तोच खायचा. अंग त्याचं काढू दे, तोंड माझं मागाहून चढवता येईल. आबांचा राग थोडा तुझ्या पदरात घे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा जिवलग रोज सकाळी तुझा निळा कोट घालून उभा राहतो. आबा आकांडतांडव करतील म्हणून मी धास्तावले होते. त्यांनी उलट चित्रकाराला काम चालू ठेवायला सांगितलं, आणि तेच मला बरं वाटलं नाही.

चित्रकाराने चेहऱ्याची जागा कोरी ठेवली होती. परवा तो हळूच म्हणाला, की बाईसाहेब, कोरी कशाला ठेवायची, हनुवटी तर थोरल्या साहेबांचीच आहे. मी हसण्यावारी नेलं. मग जेवताना आबा आणि पंडित समोरासमोर बसले, आणि मी वाढायचं सोडून दोन्ही हनुवट्या पाहत राहिले. पंडिताची आई आपल्याकडे शिवणकामाला होती. आबांनी त्याला तुझ्याच शाळेत घातलं, तेव्हा आपण त्यांच्या दानतीचं केवढं कौतुक केलं होतं.

काल आबांनी चेहराही त्याचाच भरायला सांगितला. मी विनवलं, तर म्हणाले, की जो उभा राहिला त्याचंच चित्र. माहेरी परतलेल्या विधवेचं इथे किती चालतं ते तू जाणतोस. सरोवर-बिरोवर पुरे, ये.

तुझी ताई


२५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरोवर काही सापडलं नाही. वाट दाखवणारा मेंढपाळ स्वतःच चुकला, वर मलाच शिव्या. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग ते पुन्हा एकदा वाचलं.

अगं, पंडित माझा भाऊ निघाला तर आनंदच आहे. शिक्का हवा तर दोघं मिळून वापरू. मी त्याला तसं कळवलंय, कुठल्या बोटीने येतो तेही. तू एकच कर. वारसाच्या हाती शिक्का द्यायच्या बैठकीला येणाऱ्या बड्या मंडळींनी मला लहानपणानंतर पाहिलेलं नाही. त्यांना सांग, खरा धाकटा वाटेवर आहे, थांबा. तुझ्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही. भाचीला पापा, आणि माझ्यावरची माया जपून ठेव.

तुझा भिंगरी


१२ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

काल बैठक झाली. आबांनी पंडिताला तुझ्या नावाने पुढे केलं. शिवणकामवालीच्या मुलाला उघडपणे आपला म्हणायची त्यांची छाती नाही, आणि तुझ्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. म्हणून माणूस तो, नाव तुझं. एका वृद्ध पाहुण्याने मला विचारलं, की हाच का तुमचा धाकटा. आदल्या दिवशीच आबांनी माझ्या लेकीचं सामान बांधून दारात ठेवलं होतं. मी हो म्हटलं, आणि शिक्का त्याच्या हाती गेला.

पंडित मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजला. आज सकाळी तो माझ्या पाया पडला आणि अगदी मायेने म्हणाला, की ताई, एका नावाची दोन माणसं एका घरात कशी नांदतील? मग गाडीवानाला बोलावून त्याने तुझ्या बोटीचं नाव सांगितलं. गाडीवान नवा आहे. आपल्या जुन्याला कालच कामावरून काढलं.

हे पत्र मासळीवालीच्या हाती अलीकडच्या, तुझी बोट आधी लागते त्या बंदरावर पाठवतेय. तू तिथेच उतर. आपल्या बंदरावर बग्गी उभी असेल, पंडित हसून हात हलवेल आणि तू त्याला मिठी मारायला धावशील, तुला मी ओळखते. जाऊ नकोस. मला उत्तरही पाठवू नकोस, या नव्या धाकट्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय आता इथे कुठलंच पत्र आत येत नाही.

आशीर्वाद आहेत. ते घेऊन कुठेही जा, हे घर सोडून.

ताई