भट्टीचा वारा

२ मार्च
सरकारने एकदाचं थैलीचं तोंड सोडलं! पोलाद कारखान्यात विजेची नवी भट्टी, निम्मा खर्च सरकारचा. अट एकच — नवी पेटेपर्यंत जुनी चालू ठेवायची, म्हणजे तिच्यावरच्या माणसांचा पगारही चालू. कामगारांच्या चुकीने बंद पडली, तर मात्र अट रद्द. हे शेवटचं वाक्य मी बातमीत घातलं होतं. संपादकांनी जागेअभावी कापलं.

जुन्या भट्टीचा फोरमन म्हणजे आमचा धाकटा. फोनवर हसत होता. "दादा, दोन वर्षं निश्चिंत! तोवर पोरीचं शिक्षण उरकतं."

घरात संस्कृत मी शिकलो, अग्निहोत्र त्याच्याकडे गेलं. त्याची आग वर्षानुवर्षं विझलेली नाही. माझी शेगडी रोज पेटतेच असं नाही.

९ मार्च
कंपनीचं निमंत्रण आलं. बारा तारखेला सकाळी मंत्र्यांच्या हस्ते पायाभरणी. फोटोत धूर नको, म्हणून तेवढा वेळ जुन्या भट्टीत फुंकायचा वारा बंद. धाकट्याला विचारलं, चालतं का?

"सकाळपुरतं चालतं. जास्त वेळ थांबवायची तर आधी जादा कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, भरावा लागतो, नाहीतर आतलं लोखंड गोठतं. सकाळपुरता कशाला भरू?"

१२ मार्च
मंडप, खुर्च्या, निळंभोर आकाश. मंत्री नाहीत. व्यवस्थापक माइकवर — "साहेब यथावकाश पोहोचतील." संस्कृतात याचा अर्थ, सवड झाली की. सरकारीत — बसा.

धाकटा हेल्मेट काखेत मारून आला. "साहेब, वारा सोडतो."

"अरे, गाडी वाटेत आहे! ऐन भाषणात धूर काढतोस?"

दुपारी पुन्हा आला, तेव्हा ओरडलाच. "साहेब, मरेल ती!" मंडप हसला. मीही हसलो.

संध्याकाळी कळलं, कार्यक्रम उद्यावर. वारा बंदच ठेवायचा, असा व्यवस्थापकांचा तोंडी हुकूम.

१३ मार्च
मंत्री आले. भाषणात 'पोलादी निर्धार' इतक्यांदा आला की त्याला गंज चढला. मंडप रिकामा झाल्यावर वारा सोडला. आत शिरेना.

१४ मार्च
भट्टीचं तोंड फोडायला सकाळपासून झटतायत. थेंब बाहेर येत नाही.

भावजय म्हणाली, "भाऊजी, दोन घास खायला सांगा त्यांना. तुमचं ऐकतात." सांगितलं. ऐकलं नाही. म्हणाला — "दादा, तिच्या भिंतीवर आता हात ठेवता येतो."

१९ मार्च
कंपनीची नोटीस. फोरमनने जादा कोक न भरल्यामुळे भट्टी कायमची बंद. सबब अट रद्द, पगार रद्द, सगळे घरी. सरकारी पैसा तेवढा शाबूत! हुकुमाचं विचारलं तर म्हणतात, "लेखी दाखवा."

शेजारचा क्रेनवाला धाकट्याचा जिवलग. आज त्याला पाहून वाट बदलली. धाकटा म्हणतो, "बरोबर आहे त्याचं. सगळ्यांची चूल मी विझवली."

२२ मार्च
मंत्र्यांच्या सचिवांना गाठलं. म्हटलं, त्या दिवशीच्या उशिराचं कारण तरी छापू द्या.

"उशीर? कसला उशीर? कंपनीने आम्हाला पहिल्यापासून तेरा तारीखच दिली होती."