येऊ द्या, येऊ द्या

प्रिय सुमन,

तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं. लग्नाआधी लिहायची हिंमत नव्हती आणि लग्नानंतर तू समोरच होतीस. आज लिहायला बसलोय, कारण उद्या शोरूमला कागद द्यायचाय. नव्या गाडीचा. कुठली कुठली पॅकेजं हवीत त्यावर खुणा करून द्यायच्यात. शोरूममधल्या त्या पूजाचा फोन आला होता. "काका, तुमचं सगळं ठरलंय, फक्त एका रकान्याचं नक्की सांगा. गाडी त्याच्यासाठी अडलीय."

तुला माहीतच आहे कुठला रकाना. तूच अडवलाय.

तुला जाऊन दोन महिने झाले. मला रडू येत नाही. खरंच येत नाही. लोक येतात, खांद्यावर हात ठेवतात, "मोकळे व्हा" म्हणतात. मी हो म्हणतो आणि चहाच्या कपाकडं बघत बसतो. चहा गार होतो. मग अश्विनी तो उचलून नेते आणि दुसरा आणते, तोही गार होतो. आपली सून काही बोलत नाही. तू असतीस तर बोलली असतीस!

तो कागद आता माझ्यापुढं आहे. शोरूममधून आलो त्या दिवशी तू ओट्यापाशी उभी राहून पेन्सिलीनं खुणा केल्या होत्यास. मी म्हणालो होतो, मी कंपनीत तीस वर्षं फिटर होतो, गाडीतलं मला कळतं, दे इकडं. तू म्हणालीस, "अवो, गाडीतलं तुमाला कळतं, गाडीत बसायचं मला कळतं." आणि कागद सोडला नाहीस.

छताला उघडणारी काच? पूजा किती कौतुकानं दाखवत होती! तू वर बघितलंस, मग माझ्याकडं बघितलंस. "पाथर्डीच्या उन्हात टाळकं भाजायला पैसं द्यायचं व्हय?" ती पोरगी हसून हसून लाल झाली. दारात पाय ठेवायच्या जागी दिवा लागणारी पट्टी होती, त्यावर तू विचारलंस, चपला बघायला दिवा कशाला. सीटकव्हरांचा रंग निवडताना मात्र अर्धा तास घातलास. शेवटी कॉफी रंग घेतलास, आपल्या नातीनं, मनूनं, आंबा सांडला तरी दिसणार नाही म्हणून. आणि प्रत्येक गोष्टीला तुझा एकच प्रश्न, "धुता येतं का?"

मधल्या सीटवरून आपलं वाजलं होतं, आठवतं? मला दोन वेगळ्या खुर्च्या हव्या होत्या, हात टेकवायला असतं तशा. तुला अखंड सीट हवी होती. "पाथर्डीस्नं येताना मला आडवं पडाया लागतं. खुर्चीत कशी पडू?" तुझ्या माहेराहून येताना तू दर खेपेला करंजीच्या घाटाआधीच झोपायचीस हे खरं. मी ऐकलं. अखंड सीटपुढं तुझी बरोबरची खूण आहे, ती तशीच ठेवली. आता आडवं कोण पडणार, ते विचारू नकोस.

आणि मग ते सेफ्टी पॅकेज. मागचा कॅमेरा. तू त्याच्यापुढं खूण केली नाहीस, फुलीही मारली नाहीस. तुझ्या त्या सातवीच्या अक्षरात लिहिलंस, "नको. मी हाय ना."

हाय! मी हसलो होतो. म्हटलं, लिहिताना तरी आहे लिही, शोरूमचे लोक वाचतील. तू म्हणालीस, वाचू द्या की.

मी हाय ना म्हणालीस. मग गेलीस कुठं?

आपला बोळ तुला माहीत आहे, मी कशाला सांगू. पण सांगतो, मला कुणाशी तरी बोलायचंय. गाडी आत सरळ जाते आणि बाहेर उलटीच काढावी लागते, पार रस्त्याच्या तोंडाशी विजेचा खांब आहे तिथपर्यंत. इतकी वर्षं तू गाडीच्या मागं चालत यायचीस. पदर खोचलेला, एक हात हवेत. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." आणि खांब आला की पत्र्यावर थाप मारून, "बास!"

तू नेहमी एक हात आधी बास म्हणायचीस. नेहमी! मी काचेतून डोकं बाहेर काढून ओरडायचो, "अगं, अजून केवढी जागा आहे!" तू ढिम्म हलायची नाहीस. शेजारीपाजारी दारात येऊन ऐकायचे. आज मला त्याची लाज वाटते. तेव्हा वाटायची नाही.

एकदा तर मी मुद्दाम थांबलो नाही. तुझं बास ऐकलं आणि म्हटलं, हिला दाखवतोच आज. धाडकन खांबावर! बंपर आत गेला. तू मागून पुढं आलीस, माझ्या खिडकीशी उभी राहिलीस आणि शांतपणे म्हणालीस, "झालं समाधान?" खांबाला आपल्या व्हॅनचा निळा रंग अजून आहे. मी तेव्हाही चुकलो म्हणालो नाही. ब्रेक नीट लागला नाही म्हणालो.

गेल्या आठवड्यात पूजानं मला नवी गाडी मागं घेऊन बघायला लावली. मागचा तो टूं टूं वाजणारा सेन्सर सगळ्याच गाड्यांना येतो म्हणे, नको म्हणायची सोय नाही. भिंत जवळ येत गेली तसा आवाज वाढत गेला, मग सलग वाजायला लागला. पूजा म्हणाली, "काका, बास." मी गाडी बंद केली, खाली उतरलो, मागं जाऊन भिंत आणि बंपर यांच्यामध्ये हात धरला. एक हात, सुमन. बरोब्बर एक हात. कारखान्यात माणसं बसवून ज्यांनी हे यंत्र बनवलं, तेसुद्धा तू म्हणायचीस तिथंच बास म्हणतात.

तिनं कॅमेराही दाखवला. पुढं मोबाईलसारखी मोठी स्क्रीन, तिच्यात गाडीमागची जागा दिसते, वर पिवळ्या आणि लाल रेघा. सगळं अगदी स्वच्छ दिसतं. मागं कुणीच नव्हतं. मी बघत राहिलो. पूजाला वाटलं मला आवडलं.

त्या सकाळचं सांगू का? तुझ्या छातीत कळ आली. विजयनं तुला उचलून मधल्या सीटवर आडवं केलं आणि तो तुझं डोकं मांडीवर घेऊन बसला. अश्विनी मनूला कडेवर घेऊन दारात उभी होती. मी रिव्हर्स टाकला आणि सवयीनं आरशात बघितलं. मागं तू नव्हतीस. पाय क्लचवरून उठेना. आणि मधल्या सीटवरून तुझा आवाज आला. डोळे मिटलेले, उठून बघायची ताकद नाही, तरी तू म्हणालीस, "येऊ द्या... येऊ द्या..."

मी येऊ दिली. अख्खा बोळ तुझ्या आवाजावर मागं आलो. खांब आला. मी बासची वाट बघितली. तू बोलली नाहीस. विजय म्हणाला, "बाबा, चला ना!" मग मी अंदाजानं स्टिअरिंग फिरवलं. दवाखान्यापर्यंत तू काहीच बोलली नाहीस.

त्यानंतर मी एकदाच गाडी बोळातून काढायचा प्रयत्न केला. अश्विनी बिचारी मागं येऊन उभी राहिली. "या बाबा, या." तिचं काही चुकलं नाही. पण मी गाडी बंद केली आणि किल्ली विजयला दिली. तेव्हापासून जुनी व्हॅन बाहेर रस्त्यालाच असते. आपल्या नागापूरच्या धुळीनं ती निळी आहे हेही ओळखू येत नाही.

मला तो कॅमेरा नको होता. तुझं नको ते माझंही नको, असं पूजाला फोनवर सांगणारच होतो. तेवढ्यात अश्विनी मनूला भरवता भरवता म्हणाली, "बाबा, ते मागचं घ्याच. मनू आता पळायला लागलीय. बोळात कधी निसटेल, कळायचं नाही."

होय, पळायला लागली ती. तू गेलीस तेव्हा भिंत धरून चालत होती. तुला हे माहीत नाही, म्हणून सांगतो. परवा चप्पल हातात घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत पळाली. खांबाला हात लावून तो निळा रंग खरवडत बसली होती.

आता तूच सांग, मी काय करू? तू असतीस तर तूच तिला कडेवर घेऊन मागं उभी राहिली असतीस. तू नाहीस. हे लिहिताना माझा हात थांबला, मग लिहिलं. तू मागं नाहीस.

मी पूजाकडं उद्या कोरा कागद मागणार आहे. त्यावर कॅमेऱ्यापुढं बरोबरची खूण करीन. तुझ्या सगळ्या खुणा जशाच्या तशा उतरवीन, कॉफी रंग, धुता येणारी मॅट, अखंड सीट, सगळं. पण हा तुझा कागद त्यांना देणार नाही. तो नव्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहील. "नको. मी हाय ना" खोडणार नाही, आणि हायचं आहेही करणार नाही.

वचन एकच देतो. नवी गाडी बोळातून मीच काढीन. मनू कुठं आहे ते स्क्रीनवर बघीन. पण खिडकीची काच खाली ठेवीन, आणि खांब यायच्या एक हात आधी थांबीन, यंत्र वाजो न वाजो. अजून जागा आहे, असं यापुढं कधी म्हणणार नाही. तू म्हणशील तिथं बास.

तुझाच,
अवो